सॅक्रिस्टीची किल्ली हातात घेताना

प्रिय पोरी,

येशूच्या नावाने आशीर्वाद.

पवित्र आठवड्याची, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याची, तयारी आणि सॅक्रिस्टीची, म्हणजे वेदीचं सामान ठेवायच्या खोलीची, किल्ली यंदा फादरांनी तुझ्याकडे सोपवली आहे, आणि कुठून सुरुवात करू असं तू विचारतेस. मोजण्यापासून कर. एक वही घे आणि गेल्या वर्षी कुठल्या विधीला किती माणसं आली, किती मेणबत्त्या लागल्या, ख्रिस्तप्रसादाच्या किती भाकरी (पातळ चकत्या) उरल्या हे विचारून लिहून काढ. आकडे मिळाले नाहीत तर यंदा तूच नोंद ठेव.

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान येतो, आणि तो पौर्णिमेनंतरचा रविवार असतो. त्यामुळे पवित्र आठवड्यात पौर्णिमा आणि तिच्या मागोमाग उधाण ठरलेलंच. शहरातल्या धर्मग्रामाला (एका चर्चच्या लोकांना) याचं काही नाही, पण पाचूबंदर किंवा उत्तनसारख्या कोळीवाड्यात होड्या भरती बघून सुटतात. गुरुवारच्या वाचनाला कोणाचं नाव लिहिण्याआधी त्या दिवशी ती व्यक्ती किनाऱ्यावर आहे का, हे घरी जाऊन विचार. व्हॉट्सअॅपवर अंगठा आला म्हणजे होकार मिळाला असं धरू नकोस.

झावळ्यांच्या रविवारचं, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारचं, काम सोपं आहे. एका मोठ्या झावळीला दोनशेच्या आसपास पाती असतात. तेव्हा माणसांच्या मानाने झावळ्या कमीच लागतात, लोक मात्र उगाच झाडं बोडकी करतात. शनिवारी संध्याकाळी उतरवून ओल्या गोणपाटात गुंडाळा. उन्हात टाकल्या तर सकाळपर्यंत पाती वळून जातात. लोकांच्या घरी राहिलेल्या सुक्या झावळ्या पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी परत मागव; त्या दिवशी उपवासकाळ सुरू होतो आणि कपाळाला त्यांचीच राख लावतात. राख करताना आधी हीर काढून टाक, नाहीतर त्याचे कोळसे होऊन कपाळावर खरखरतात. नुसती पाती जाळ, राख पूर्ण थंड झाल्यावर मलमलीतून चाळ आणि काचेच्या बाटलीत घट्ट झाकण लावून ठेव. तिच्यात पाणी ओतून लगदा करू नकोस. राखेत क्षार असतो, तो पाण्यात उतरला की लहान मुलांच्या कपाळाची आग होते. चार-दोन थेंब पुरतात.

गुरुवारच्या मिस्साला (ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेला) सुरुवातीला ख्रिस्तप्रसाद ठेवायची पवित्र पेटी रिकामी असते, आणि शुक्रवारी मिस्सा नसते. म्हणजे दोन्ही दिवसांचा ख्रिस्तप्रसाद गुरुवारीच तयार व्हायला हवा. नवख्याची चूक हमखास इथेच होते: गुरुवारची गर्दी बघून भाकरी मोजल्या जातात. एरवी रविवारी न दिसणारी माणसंही शुक्रवारी येतात. तेव्हा शुक्रवारचा आकडा वेगळा धर आणि जे आजारी घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांची यादी करून तो आकडा त्यात मिळव. भाकरी पंधरा दिवस आधी मागव, पण पाकीट आदल्या दिवसापर्यंत फोडू नकोस. खाऱ्या दमट हवेत त्या मऊ पडतात आणि एकमेकींना चिकटतात.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीचा विधीही गुरुवारच्या मिस्सात असतो. त्यासाठी खुर्च्या, तांब्या, परात आणि माणशी एक टॉवेल काढून ठेव. पाणी कोमट असावं. २०१६ पासून या विधीत स्त्रियांनाही घेता येतं, पण अजून काही ठिकाणी बारा जाणते पुरुषच रांगेत बसतात. तू फादरांना विधवा बाई, मासळीवाली, कॉलेजातला मुलगा, बाहेरगावाहून कामाला आलेला कुणी अशी नावं सुचव. त्या मिस्साच्या गौरवगीताला घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या गौरवगीतापर्यंत गप्प राहतात. वेदीसेवकांच्या हातून छोटी घंटा आधीच काढून घे, सवयीने वाजवतातच. रात्रीच्या आराधनेचे तास लघुख्रिस्ती समूहांना (शेजारच्या घरांच्या गटांना) वाटून दे, आणि उशिराचा तास दरवर्षी त्याच समूहाच्या माथी मारू नकोस.

आता शनिवारची रात्र, म्हणजे ईस्टरच्या जागरणाचा विधी. १९५५ च्या सुधारणेपूर्वी हा विधी शनिवारी सकाळीच उरकला जाई. आता तो अंधार पडल्यावरच सुरू होतो, म्हणून सूर्यास्त बघून वेळ ठरव. विधीची सुरुवात नवा अग्नी पेटवून होते. तो समुद्राच्या वाळूवर पेटवू या, फोटो छान येतील, असं कुणीतरी सुचवेलच. नको. संध्याकाळी पश्चिमेचा वारा असतो, पाणीही चढत असू शकतं, आणि तिथून चर्चपर्यंत म्हाताऱ्यांनी अंधारात कसं चालायचं? चर्चच्या आवारातच, भिंतीच्या आडोशाला पेटव. खाली सोडणं, वर करवंट्या, पेटवायला कापूर. रॉकेल नको, वास चर्चमध्ये शिरतो आणि भडका फादरांच्या बाहीपर्यंत जातो. करवंट्यांचे निखारे झाले की तेच धुपाटण्यात घ्यायचे, म्हणून अग्नी विधीच्या पाऊण तास आधी तयार ठेव. शेजारी वाळूची बादली हवी.

पास्काच्या (ईस्टरच्या मोठ्या) मेणबत्तीवर चालू वर्षाचेच चार अंक आहेत ना, हे आधीच तपास. धुपाचे पाच दाणे बसवायची भोकं तापवलेल्या खिळ्याने दुपारीच पाडून ठेव, अंधारात घाईने पाडली तर मेण तडकतं. नवी वात पटकन धरत नाही, तीही दुपारी मिनिटभर पेटवून विझव. लोकांच्या मेणबत्त्यांना कागदी पेले लावले तर वारा अडतो आणि मेण हातावर सांडत नाही. मोकळे केस असलेल्या मुलींना केस बांधायला सांग.

ती मोठी मेणबत्ती घेऊन चर्चमध्ये जाणारी मिरवणूक तीनदा थांबते, 'ख्रिस्ताचा प्रकाश' ही घोषणाही तीनदा. तिसऱ्यांदा झाल्यावर दिवे लागतात. वेदीवरच्या मेणबत्त्या मात्र गौरवगीतापर्यंत तशाच विझलेल्या राहतात. बरेच जण सगळंच चर्च तोवर काळोखात ठेवतात. दिसायला सुंदर, पण वाचकाला अक्षर दिसत नाही. निदान वाचनमंचावर एक दिवा हवाच. मुख्य स्विचपाशी एकच माणूस उभा कर, हातात टॉर्च दे, आणि त्याला दुसरं कुठलंच काम देऊ नकोस.

वाचनं एकूण नऊ, त्यातली सात जुन्या करारातली. वेळेअभावी जुन्या करारातली वाचनं कमी करता येतात, पण तीनच्या खाली जायचं नाही, आणि निर्गम या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाला हात लावायचा नाही. वाचकांचा सराव माईकवरच घे, घरी नव्हे. लाल अक्षरात छापलेल्या सूचना मोठ्याने वाचायच्या नसतात, हेही बजाव. खाऱ्या हवेत माईकची पिन गंजते. शुक्रवारी ती काढून सुक्या फडक्याने पुस आणि नवे सेल घाल.

सोमवारी सगळे थकलेले असतात. तरी मेणबत्त्यांचे तुकडे आणि चांगले राहिलेले पेले त्याच दिवशी गोळा कर, फरशीवरचं मेण बोथट पट्टीने खरवड, आणि वहीत लिही: गुरुवारी किती, शुक्रवारी किती, काय कमी पडलं, कोण सांगूनही आलं नाही आणि कोण न सांगता झाडू घेऊन आलं.

तुझा,
एक जुना सेवक