सुपरमॅनच्या गावी, मेट्रोपोलिसला थांबावं का?

सेंट लुईसहून नॅशव्हिलला गाडीने जाताना सहा वर्षांच्या मुलासाठी मेट्रोपोलिसला थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर थांबा. इलिनॉयच्या दक्षिण टोकाला, ओहायो नदीकाठी जेमतेम ६ हजार वस्तीचं गाव आहे. आय-२४ महामार्गावरून आत वळलं की काही मिनिटांतच पोहोचता.

आधी थेट कोर्टासमोरच्या चौकात जा. कमरेवर हात ठेवून उभा असलेला १५ फुटी रंगीत सुपरमॅन दिसला की मुलगा गाडी थांबायच्या आत पट्टा सोडेल. आमच्या लेकाने तेच केलं. पण त्याचे फोटो काढून झाले की खाली विटांकडेही बघा. त्यांवर नावं कोरलेली आहेत. नाशिकहून आलेली माझी आई वाकून एकेक नाव वाचत होती. म्हणाली, "आपल्याकडे देवळाच्या फरशीवर असतात तशीच की रे ही!" अगदी खरं होतं तिचं. पुतळ्याचा खर्च लोकांनी अशा विटा विकत घेऊन उभा केला.

त्यामागची गोष्ट मला फार भावते. कॉमिक्समधल्या शहराशी नाव जुळतं म्हणून १९७२ साली सुपरमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसी कॉमिक्सने हे सुपरमॅनचं गाव असल्याचं मान्य केलं. मग मोठ्या उद्यानाचा आणि २०० फुटी पुतळ्याचा बेत आखला गेला, पण तेलटंचाईच्या दिवसांत तो बारगळला. तरी गावाने नाद सोडला नाही. १९८६ मध्ये फायबरग्लासचा ७ फुटी पुतळा बसवला आणि १९९३ मध्ये त्याच्या जागी आताचा हा कांस्याचा.

चौकातच संग्रहालय आहे, जुनी खेळणी आणि सिनेमातलं सामान खच्चून भरलेलं. तासभर हाताशी ठेवा. थोडं पुढे सुपरमॅनच्या प्रेयसीचा, पत्रकार लोइस लेनचाही पुतळा आहे. १९५० च्या दशकातल्या मालिकेत ती भूमिका करणाऱ्या नोएल नील यांच्यावरून तो घडवलाय. जूनमध्ये इथे उत्सव भरतो, मुलं लाल केप घालून हिंडतात. तेव्हा जाणार असाल तर राहण्याची सोय खूप आधी करा, गावात नाही मिळाली तर नदीपलीकडच्या पादुका शहरात बघा.

डबा मात्र नदीकाठच्या फोर्ट मॅसॅक या जुन्या किल्ल्याच्या जागी नेऊन खा. १८०३ मध्ये पश्चिमेच्या शोधमोहिमेवर निघालेले लुईस आणि क्लार्क तिथे थांबले होते. आम्ही नदीकाठी सावलीत पोळी-चटणी खात बसलो, आणि समोरून एक ढकलबोट बार्जची, म्हणजे सपाट मालवाहू नावांची, लांबलचक रांग घेऊन संथपणे गेली. लेक शेवटपर्यंत बार्ज मोजत होता.