गाणं शिकणाऱ्या मुलांना "पोटातून श्वास घ्या" म्हणजे नेमकं काय करायला सांगायचं?

तुम्ही लिहिलंय की घरी बारा-पंधरा मुलांचा गाण्याचा क्लास घेता. "पोटातून श्वास घ्या" असं सांगितलं की मुलं नुसती पोटं फुगवून बसतात. त्यांतल्या अकरा वर्षांच्या एका मुलीला लांब सूर पुरत नाही आणि तास संपेपर्यंत तिचा आवाज घोगरा होतो.

आधी त्या मुलीबद्दल. घोगरेपणा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जातो का, हे तिच्या आईला विचारा. सर्दी-खोकला नसताना आवाज तीन आठवडे तसाच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा आणि दुर्बिणीने स्वरतंतू बघायला सांगा. तोंड उघडून टॉर्चने घसा बघितला तर स्वरतंतू दिसत नाहीत, ते बरेच खाली असतात. तोवर तिला गायला लावू नका. कुजबुजायलाही नको, कुजबुजताना घसा आवळला जातो आणि विश्रांती मिळतच नाही.

हे इतकं आवर्जून सांगते, कारण एकोणिसाव्या वर्षी मी यातून गेले आहे. परीक्षा जवळ आली होती, पट्टी, म्हणजे सा ज्या उंचीवर धरतात ती, मला चढी पडत होती आणि शिकवणाऱ्यांचं म्हणणं एकच, "अजून जोर लाव, आवाज मोकळा होईल." मी दोन महिने जोर लावला. मग एका सकाळी तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, लावायला गेले तर नुसती हवा आली. स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्या होत्या. चार महिने गाणं बंद. स्पीच थेरपिस्टकडे बसून आधी साधं बोलायला पुन्हा शिकले. आज शिकवताना जे करते, ते बरंचसं त्या चार महिन्यांतलं आहे.

स्वरतंतू केवढे असतात, हे मुलांना जरूर सांगा. मोठ्या बाईचेसुद्धा जेमतेम एक-दीड सेंटिमीटर, मुलांचे त्याहून आखूड. काळी चारच्या पट्टीत, म्हणजे पेटीची सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून, मुलगी तार षड्ज लावते तेव्हा ते सेकंदाला सुमारे ४१५ वेळा एकमेकांवर येतात. हे ऐकल्यावर माझ्याकडची मुलं आपोआप हळू गायला लागतात. मला वेगळं ओरडावं लागत नाही.

आता पट्टी. माझ्या अनुभवात श्वासाच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. आपण पेटीवर एक पट्टी धरतो आणि बारा जणांना तिच्यात बसवतो. शिकवणारे काळी एकमध्ये गात असतील तर मुलं त्याच काळी एकच्या वरच्या सप्तकात गातात आणि तार षड्जाला पोचेपर्यंत अक्षरशः किंचाळतात. मान पुढे येते, गळ्याच्या शिरा दिसतात, आणि आपण म्हणतो, "श्वास कमी पडला." श्वास भरपूर असतो, तो आवळलेल्या घशाला धडका देण्यात संपतो. प्रत्येकाला एकट्याने पेटीशी बसवून त्याचा सोयीचा षड्ज शोधा. मुलांचे दोन गट झाले तर होऊ द्यात. आणि लहान मुलांकडून खर्ज करून घेऊ नका. तेवढा खालचा सूर त्यांच्या गळ्यात नसतोच, ती तो दाबून काढतात.

मग श्वास. "पोटातून" हा शब्द मी वर्गात वापरतच नाही. हवा फुफ्फुसातच जाते. फुफ्फुसाखालचा पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली सरकतो, पोटातल्या अवयवांना जागा करून द्यावी लागते आणि म्हणून पोट पुढे येतं. पोट पुढे येणं हा परिणाम आहे. मुलं तेवढाच परिणाम स्नायू ताणून करून दाखवतात आणि श्वास मात्र खांदे उचलून वर छातीतच घेतात. तुम्हाला दिसतंय ते हेच.

मी मुलांना सतरंजीवर उताणं झोपवते, गुडघे उभे, बेंबीवर गाण्याची वही. काहीच करायचं नाही, वही वर-खाली होताना बघायची. झोपल्यावर खांदे उचलायची सोय राहत नाही, त्यामुळे श्वास आपला आपण खाली उतरतो. दोन-तीन मिनिटांत एखादं मूल म्हणतं, "बाई, वही आपोआप हलतेय." तो "आपोआप" शब्द आला की उठवून बसवायचं आणि दोन्ही हात कमरेच्या वर, खालच्या बरगड्यांवर ठेवायला सांगायचं. श्वास घेताना हात बाजूला ढकलले गेले पाहिजेत. पाठीतही फुगवटा जाणवतो; ते लक्षात यायला मोठ्यांनाही महिना लागतो, मुलांना घाई करू नका.

मांडी घालून बसवत असाल तर ढुंगणाखाली घडी घातलेली चादर द्या. सपाट जमिनीवर बहुतेक मुलांची कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतं आणि बरगड्या उघडायला जागाच राहत नाही. एवढ्या एका चादरीने मी सूर लांबलेले ऐकले आहेत.

यापुढचा भाग खरा शिकवण्याचा. दमसास म्हणजे किती भरता यापेक्षा कसा खर्च करता. श्वास सोडताना बरगड्या धाडकन मिटल्या की पहिल्या दोन मात्रांतच निम्मी हवा जाते. म्हणून "स्स्स" करत आठ मात्रा सोडायला लावते, सायकलच्या ट्यूबमधून बारीक हवा सुटावी तसा एकसारखा आवाज, हात बरगड्यांवरच, आणि त्या जितक्या उशिरा मिटतील तितकं बरं. आठ सहज जमले की दहा. कोण जास्त वेळ टिकतो याची स्पर्धा अजिबात लावू नका. शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढलं की पुढचा श्वास धापेसारखा येतो आणि खांदे पुन्हा वर जातात. तसंच गच्च भरूनही गायचं नाही. फार भरलेला श्वास बाहेर पडायची घाई करतो आणि तो अडवायला घसा आवळतो.

कुमार गंधर्वांचं उदाहरण मी मोठ्या विद्यार्थ्यांना देते. क्षयाने त्यांचं एक फुफ्फुस निकामी झालं, देवासला काही वर्षं गाणं बंद होतं. परतले ते लहान लहान तुकड्यांत, चपळ श्वासांवर गात, आणि त्या गाण्यात काही कमी पडलं असं ऐकणाऱ्याला वाटत नाही. बंदिशीत श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवा, वहीत तिथे पेन्सिलने खूण करा. शब्दाच्या मधे तोडण्यापेक्षा दोन शब्दांच्या मधे अर्धा श्वास चोरून घेणं केव्हाही चांगलं.

आवाज लावताना थेट मोठ्याने "आ" नको. आधी तोंड मिटून "म्", मग ओठ सैल सोडून "ब्र्र्र", लहानपणी मोटारगाडी चालवतात तसं, त्यातच सा ते प आणि परत. ओठ थरथरायचे थांबले की हवा कमी झाली किंवा ओठ ताठ झाले, हे मुलाला स्वतःलाच कळतं, आपण सांगावं लागत नाही. अमेरिकेतले आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी बारीक स्ट्रॉमधून सूर काढण्याचा व्यायाम लोकप्रिय केला, त्यामागे हेच तत्त्व आहे. तोंडाशी वाट अरुंद झाली की हवेचा थोडा दाब मागे येतो आणि स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने येतात. तुमच्या क्लासमधल्या त्या मुलीसाठी स्ट्रॉ फार उपयोगी पडेल, पण डॉक्टरांनी गायला परवानगी दिल्यावरच. रोज तीन-चार मिनिटं पुरे.

पाण्याची बाटली जवळ असू द्या, मात्र गाताना घेतलेला घोट स्वरतंतूंवर पडत नाही, तो अन्ननलिकेत जातो. दिवसभर प्यायलेलं पाणी कामाला येतं. लवंग चघळून गाऊ देऊ नका, घसा बधिर होतो आणि दुखतंय हेच कळत नाही. बारा-चौदाच्या मुलांचा आवाज फुटायला लागला की त्यांना लाजवू नका, खालच्या पाच-सहा सुरांतच हळू गाऊ द्यात.

ती मुलगी परत येईल तेव्हा पहिला महिना तिला वीस मिनिटांवर गायला लावू नका. उरलेला वेळ ती टाळी धरेल, ऐकेल, सरगम लिहील. आणि एक करा. दारातून आत आल्यावर आणि जाताना चप्पल घालण्याआधी तिला स्वतःचं पूर्ण नाव नेहमीच्या आवाजात म्हणायला सांगा. जातानाचं नाव जरा जरी जड आलं, तर पुढच्या तासाला पाच मिनिटं कमी गाऊ द्या.