पन्हाळा ते पावनखिंड धावू पाहणाऱ्या एका तरुणास

कोल्हापूर

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पन्हाळ्यावरून निघायचे, मसाई पठार ओलांडायचे आणि वाड्या-वस्त्या व रानातून धावत एका दिवसात पावनखिंड गाठायची, हा तुम्हा पाच मित्रांचा बेत मला मनापासून आवडला. मात्र तुझ्या पत्रात बुटांचा, घड्याळाचा आणि दर किलोमीटरच्या वेळेचा हिशेब जितक्या बारकाईने आला आहे, तितक्या बारकाईने सोबतच्या चौघांविषयी काहीच आलेले नाही. त्यांच्याविषयी एकच वाक्य आहे, की त्यांपैकी एक जण ‘जरा हळू आहे’. मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः या वाक्यासंबंधी आहे.

पाच जण मिळून धावतात तेव्हा पाचव्याचा वेग हाच सर्वांचा वेग असतो. हे निघताना सर्वांना मान्य असते आणि पहिल्याच चढावर सर्वजण ते विसरतात. दमदार गडी पुढे जातात, माथ्यावर पोहोचून थांबतात, पाणी पितात, शेंगदाणे तोंडात टाकतात, फोटो काढतात. तेवढ्यात मागचा धापा टाकत वर येतो, आणि तो आला म्हणताच ‘चला’ म्हणून सगळे उठतात. विश्रांती मिळते ती ज्यांना तिची गरज नव्हती त्यांना, आणि ज्याला खरी गरज होती तो क्षणभरही न टेकता पुढच्या वाटेला लागतो. असे तीन-चार चढांवर झाले की तो बोलेनासा होतो, खायचेही टाळू लागतो, कारण खायला थांबलो तर आणखी मागे पडू, अशी धास्ती त्याला वाटत असते. मग दुपारी एखाद्या साध्या उतारावर त्याचा पाय मुरगळतो आणि त्याची तयारीच कमी होती, असा निवाडा बाकीचे देऊन मोकळे होतात. माझ्या मते अशा वेळी तयारी पुढच्यांची कमी असते.

म्हणून त्या मित्राला शेवटी ठेवू नकोस, ओळीत दुसरा ठेव. पहिल्याने त्याच्या श्वासाकडे कान ठेवून वेग धरावा, आणि तुमच्यातला सर्वांत दमदार, वाट ओळखणारा गडी शेवटी असावा, कारण मागे काही घडले तर ते निस्तरण्याची ताकद मागेच असायला हवी. थांब्याची मिनिटे शेवटचा माणूस पोहोचल्यानंतर मोजावीत. वाटेला फाटा फुटला की मागचा दृष्टीस पडेपर्यंत पुढच्याने तेथून हलू नये. मसाई पठारावर या नियमाचे मोल विशेष कळते. तेथे गुरांच्या पायवाटा इतक्या आहेत, आणि सगळ्या इतक्या सारख्या दिसतात, की धुके उतरले म्हणजे शंभर पावलांवरचा सोबतीही भलत्याच दिशेने निघून जाऊ शकतो. वेग बरोबर आहे की नाही, हे घड्याळात पाहण्याची गरज नाही. दुसऱ्या क्रमांकाचा मित्र धावता धावता पूर्ण वाक्य बोलू शकत असेल तर वेग योग्य आहे. तो ‘हं’ आणि ‘हो’ एवढ्यावर आला की पहिल्याने चालू लागावे. चढ तर सर्वांनी चालूनच चढावेत. लांब पल्ल्याचे मुरलेले धावपटूही तसेच करतात, त्यात कमीपणा नाही.

ज्या घटनेमुळे ही वाट तुम्हाला खुणावते आहे, तिच्याकडेही या दृष्टीने पाहावे, असे मला वाटते. जुलै १६६० मधील त्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघालेल्या तुकडीचा वेग पालखीचा होता. भोई खांदा बदलत होते आणि चिखलातून, अंधारातून सर्वजण त्या पालखीभोवती चालत होते. पुढे घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि त्यांचे सोबती मागे थांबले, ते पुढे गेलेले विशाळगडावर सुखरूप पोहोचावेत म्हणून. एकट्याने किती लवकर अंतर कापले, याचा त्या रात्रीशी काही संबंध नाही. (त्या वाटेवर उभे राहून घड्याळाची आकडेवारी समाजमाध्यमांवर टाकणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटते, पण ते असो.)

आता हंगामाविषयी. तुला आषाढातच जायचे आहे, असे लिहितोस. आषाढात ही वाट चालावी, धावू नये. त्या दिवसांत हजारो पदभ्रमण करणारे तेथून जातात, वाटेचा राडा होतो आणि जांभ्या दगडावरच्या शेवाळावर कोणताही बूट टिकत नाही. शिवाय तेव्हा भातलावणी चालू असते. भाताच्या बांधावरून धावणाऱ्याच्या टाचेखाली ओली माती खचते, वरच्या वाफ्यातले पाणी खालच्या वाफ्यात उतरते आणि शेतकऱ्याला हातातली रोपे ठेवून बांध पुन्हा लिंपत बसावे लागते. हे मी जवळून पाहिले आहे आणि त्यावर त्या माणसाने काढलेले उद्गार येथे लिहिण्याजोगे नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की पश्चिमेकडच्या ओढ्यांची काय अवस्था असेल, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हा डिसेंबर धर. पहाटे गारवा असतो, वाट कोरडी असते आणि भाताची कापणी उरकलेली असते.

डिसेंबरात अडचण दिवसाच्या लांबीची आहे. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, सूर्य मावळतो सहाच्या सुमारास, आणि पाच जणांना चालत-धावत नऊ-दहा तास सहज लागतील. त्यामुळे पन्हाळ्यावरून राजदिंडीच्या वाटेने खाली उतरायचे ते डोक्याच्या बॅटरीच्या उजेडात, उजाडण्याआधी. म्हाळुंग्याहून पठारावर चढावे, पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी करत करपेवाडी गाठावी आणि तेथे एक गाडी आधीच उभी ठेवावी. दुपारी किती वाजेपर्यंत करपेवाडी गाठली नाही तर धावणे तेथेच संपवायचे, हे आदल्या दिवशी पाचही जणांनी मिळून ठरवावे आणि गाडीवाल्यालाही सांगून ठेवावे. दमलेल्या माणसाचा त्या घटकेचा निर्णय विश्वासाचा नसतो. ‘आता थोडेच राहिले आहे’ असे म्हणणारा एक जण प्रत्येक चमूत असतो; तुमच्या चमूत तो तूच असशील, असा माझा अंदाज आहे. एक जण थांबला तर दुसऱ्याने त्याच्यासोबत थांबावे, हेही तेव्हाच ठरवून टाका.

खाण्यापिण्याचे थोडक्यात सांगतो. अंगातला साखरेचा साठा दीड-दोन तासांच्या दमदार धावण्याला पुरतो, त्यापुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात. खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि आपला गूळ यांवर हे भागते. परदेशी पाकिटांवर पैसे घालवण्याचे कारण नाही. भडंग मात्र नेऊ नकोस, कोरड्या घशात ते फिरत राहते. भूक लागण्याची वाट न पाहता सर्वांनी एकाच वेळी खावे, आणि त्या हळू मित्राने खाल्ले की नाही हे कोणीतरी विचारावे. नुसते पाणी पीत राहणे धोक्याचे आहे, कारण घामावाटे मीठ जाते आणि वर भरपूर पाणी प्यायले की रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजणे ही त्याची लक्षणे असू शकतात. लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी प्रत्येकाकडे असावे. आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा वर्ज्य. तो परतल्यावर.

उतारावर मांड्यांची परीक्षा होते. तेथे स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पावले लहान टाकावीत, नजर तीन-चार पावले पुढे ठेवावी आणि उतार लागण्यापूर्वी घोट्याजवळची नाडी घट्ट बांधावी, म्हणजे बोटे बुटाच्या टोकावर आदळून नखे काळी पडत नाहीत. बूट सरावातले असावेत, हे तुला ठाऊकच आहे.

रानात आपण पाहुणे असतो, एवढे ध्यानात ठेवून वागावे. या पट्ट्यात गव्यांचा वावर आहे. कळप बहुधा स्वतःहून दूर जातो; एकटा नर मात्र वाटेत उभा असेल तर धावणे ताबडतोब थांबवावे, पाठ न फिरवता सावकाश मागे सरावे आणि तो निघून जाईपर्यंत थांबावे, मग वीस मिनिटे गेली तरी चालतील. झाडीतल्या आंधळ्या वळणांवर मोठ्याने बोलत जावे, कानांत गाणी घालून धावू नये. निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारणा करावी. सरावासाठी राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यात शिरण्याचा विचार तू लिहिला आहेस. तो सोडून दे, तेथे परवानगीशिवाय जाता येत नाही आणि गव्यांसाठी राखलेल्या रानात धावण्याचा सराव करणे मला प्रशस्त वाटत नाही.

सरावाला आपल्याजवळ पुष्कळ जागा आहेत. विद्यापीठाच्या आवारात तुम्ही धावताच. त्यात आठवड्यातून एकदा जोतिबाच्या डोंगराचा चढ-उतार घाला. तो रविवारी नको, देवाचा वार असल्याने गर्दी असते. महिन्यातून एकदा पन्हाळा ते मसाई पठार आणि परत, एवढे पाचही जणांनी एकत्र करावे, आणि दर वेळी ओळीतला पहिला माणूस बदलावा, म्हणजे दुसऱ्याच्या वेगाने धावण्याची सवय प्रत्येकाला लागेल. मला वाटते, तुलाच ती सर्वांत जड जाईल.

पहिली फेरी झाली की त्या हळू मित्राला मला पत्र लिहायला सांग. दिवस कसा गेला, हे मला त्याच्याकडून ऐकायचे आहे.

कळावे.

तुझा,
काका