इंडक्शन शेगडीवर कोणती भांडी चालतील?

प्रश्न : आम्ही नुकतीच इंडक्शन शेगडी घेतली आहे. घरातील ॲल्युमिनियमचा कुकर, तांब्याच्या बुडाची स्टीलची पातेली आणि खोलगट लोखंडी तवा यांपैकी काय वापरता येईल? रोजची ज्वारीची भाकरी आणि कडक भाकरी तिच्यावर जमेल का? – एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : सगळी भांडी नव्याने घेण्याची घाई करू नका, आधी साधा लोहचुंबक प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून पाहा. या शेगडीत जाळ नसतो. काचेखालच्या वेटोळ्यातून अतिशय वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होऊन बूड तापते, आणि घरगुती शेगडीवर हे नीट घडण्यासाठी बुडात चुंबकाला धरून ठेवणारे लोखंड किंवा तशा जातीचे स्टील असावे लागते. त्यामुळे आपला ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही; बुडाला चुंबकीय स्टीलची चकती बसवलेला कुकर मात्र चालतो. तांब्याचा थर बाहेरून असलेली पातेलीही बहुधा बाजूलाच ठेवावी लागतील.

स्टीलबाबत अनेकांची फसगत होते. 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेल्या उत्तम स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून भांडे महाग आहे एवढ्यावरून ते या शेगडीवर चालेलच असे समजू नये. दुकानात जाताना चुंबक सोबत न्यावा.

आता भाकरीविषयी, कारण आपल्याकडे खरी अडचण तिथेच येते. खोलगट तवा लोखंडी असला तरी त्याचा फक्त मध्यभाग काचेला टेकतो आणि भाकरीच्या कडा कच्च्या राहतात. माझ्या मते सपाट बुडाचा, जाड बिडाचा तवा ही एकच खरेदी आपण अवश्य करावी. तो मध्यम आचेवर सावकाश तापवावा. रिकामा तवा एकदम पूर्ण आचेवर ठेवल्यास पातळ तवा वाकतो आणि बिडाच्या तव्याला तडा जाऊ शकतो. भाकरी जाळावर फुगवता येणार नाही, म्हणून ती उलटल्यावर स्वच्छ फडक्याने कडेकडेने दाबत तव्यावरच फुगवावी. कडक भाकरीतला ओलावा हळूहळू काढावा लागतो आणि मंद आचेवर अनेक शेगड्या थांबून थांबून तापतात. बिडाचा तवा उष्णता धरून ठेवत असल्याने ही उणीव बरीच भरून निघते. एवढा जड तवा काचेवर ओढू नये, उचलूनच ठेवावा, आणि त्याखाली सांडलेले पीठ आधी पुसून घ्यावे.