स्मोक्ड बार्बेक्यू आणि लेबनीज चवीचा फूड ट्रक घरच्यांनी मिळून मराठवाड्यात काढला तर चालेल का?

चालतो. लातूरला आमचा चालतोय, म्हणूनच लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की नवरा, दीर आणि तुम्ही असे तिघं मिळून परभणीत गाडी काढणार, पाच लाखांत बसेल का, कागदपत्रं काय लागतात, आणि शेवटी सहज विचारल्यासारखं, ‘आपल्याकडच्या लोकांसाठी मसाला वाढवावाच लागेल ना?’ पैशांचं आणि कागदांचं खाली थोडक्यात सांगते. पण त्या शेवटच्या वाक्यावरून आमच्या घरात इतकी धुसफूस झालीय की आधी तेच बोलते.

वाढवू नका. धुरावलेल्या मटणाला आंबटाची जोड लागते, तिखट चालत नाही.

चार-पाच तास मंद धुरात राहिलेलं बोकडाचं मटण चवीला स्निग्ध आणि किंचित गोडसर होतं, वर लाकडाचा वास. त्याला काळं तिखट चोळलं की दगडफूल, लवंग आणि मिरची तेवढी जिभेवर राहते. मग चार तास भट्टीपाशी बसायचंच कशाला, कुकरच्या शिट्ट्या काढून मोकळं व्हावं. लेबनॉनकडच्या वस्तू इथे कामाला येतात त्या एवढ्यासाठीच: लिंबू, लसूण, सुमाकची आंबट भुकटी, डाळिंबाचा आटवलेला रस, ताहिनी म्हणजे तिळाची पातळ पेस्ट. चरबीचा जडपणा त्या कापतात आणि धूर तसाच राहू देतात. अमेरिकेत बार्बेक्यूवर गोड सॉस ओततात, ते मला अजिबात पटत नाही.

माझा धाकटा भाऊ शारजात एका लेबनीज हॉटेलात ग्रिलवर होता, नंतर तिथंच एका अमेरिकन स्मोकहाउसमध्ये. तो परत आला तेव्हा डोक्यात हेच घेऊन आला. गाडी थोरल्या काकांनी दिली, त्यांची मार्केट यार्डात पोती वाहणारी जुनी छोटा हत्ती. आमचे वडील नाहीत, घरात काकांचा शब्द चालतो, आणि गाडीबरोबर तो शब्दही आला.

पहिल्या आठवड्यातच ते म्हणाले, “लातूरच्या माणसाला हे पांढरं पांढरं काय खाऊ घालायलास? काळं तिखट चोळ, लोक बोटं चाटतील.”

भाऊ म्हणाला, “काका, मग धूर कुठं राहिला त्यात?”

“गाडी कुणाची हाय?”

यावर पुतण्याने काय बोलायचं! पुढे रोज काही ना काही चालूच. मटणाच्या आतलं तापमान पासष्ट-सत्तर अंशांवर येऊन अडतं, तास तास पुढे सरकत नाही. आतलं पाणी बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि त्यात मांस गार होत राहतं, म्हणून असं होतं. वाट पाहायची किंवा कागदात गुंडाळून परत ठेवायचं, एवढंच करायचं असतं. काका त्याच वेळी दार उघडून लाकडं कोंबायचे. भट्टी एकशेदहा-एकशेवीसवर ठेवायची, ती दीडशेच्या वर जायची आणि मटण वरून चामडं व्हायचं.

मग डिसेंबरात औशाच्या बाजूला एका शेतात क्लासच्या मास्तर मंडळींची हुरडा पार्टी होती, जेवण आमच्याकडे. भाऊ सुमाक आणि ताहिनी आणायला हैदराबादला बेगम बाजारात गेलेला. रात्री काकांनी खांद्याच्या तुकड्यांना येसर आणि काळं तिखट चोळायला घेतलं. आईने पाहिलं. ती त्यांच्यापुढे कधी बोलत नाही. तेव्हा एवढंच म्हणाली, “भावजी, अर्धं राहू द्या.” राहिलेल्या अर्ध्याला तिने मीठ, मिरी, दालचिनी, जायफळ आणि धने असं बहारात नावाच्या अरबी मसाल्याचं मिश्रण लावलं, भावाने शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी दोन परातींत दोन्ही मांडलं. काकांचंही सगळं संपलं, हे प्रामाणिकपणे सांगते. लोक म्हणाले, “मटण झकास झालंय.” दुसऱ्या परातीपाशी मात्र माणसं थांबत होती. हे कशावर भाजलंय, हा वास कशाचा, ही पांढरी चटणी कसली, असं विचारत होती. भौतिक शिकवणारे एक सर भट्टीत वाकून बघून आले. नंतर त्यांच्यापैकीच तिघांनी घरच्या कार्यक्रमाला बोलावलं, आणि तिघांनीही मागितलं ते आईच्या परातीतलं. झकास मटण लातुरात शंभर ठिकाणी मिळतं. तुमच्या गाडीवर माणूस ज्यासाठी दुसऱ्यांदा येणार, तेच मसाल्याखाली झाकायचं कशाला?

काका अजून मानत नाहीत. त्यांचं एकच म्हणणं, हे आपलं खाणं नाही. मी त्यांना सांगते, संभाजीनगरच्या ज्या नान-खलियाचं ते कौतुक करतात, त्याची आठवण लोक तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवली तिथपर्यंत नेतात. मेक्सिकोत लेबनीज लोक स्थायिक झाले आणि त्यांच्या शवर्म्यापासून तिथला टाको अल पास्तोर निघाला. आणि लाकूड तर आपल्याच नाल्याकाठचं आहे. टेक्सासात ज्या मेस्कीटवर मांस धुरावतात, ते झाड आणि आपली वेडी बाभूळ अगदी जवळच्या नात्यातली आहेत. शेतकरी म्हणतो, तोडून न्या बाबा एकदाची. मात्र ओली वापरू नका, पांढरा दाट धूर येतो आणि मटण कडू होतं. उन्हाळ्यात तोडून पत्र्याखाली पूर्ण वाळवायची, बाजूला जाळून निखारे करायचे आणि ते फावड्याने भट्टीत सरकवायचे. धूर इतका पातळ हवा की निळसर झाक तेवढी दिसावी. मटण उस्मानाबादी बोकडाचं आणि खांद्याचंच घ्या. रान म्हणजे मांडी दिसायला छान, पण चरबी कमी, सुकते.

लसणाच्या चटणीबद्दल, तिला तूम म्हणतात, जरा सविस्तर सांगते, कारण गाडी तिच्यावर उभी आहे. पाकळी उभी चिरून आतला हिरवा कोंब काढायचा, तो राहिला की चटणी कडवट होते. लसूण आणि मीठ मिक्सरला बारीक करायचं, मग तेलाची अगदी बारीक धार, मध्ये थोडा लिंबाचा रस, परत तेल. वाटीभर लसणाला तीन-साडेतीन वाट्या तेल लागतं. आम्ही रिफाइंड करडई वापरतो, घाण्याच्या तेलाचा वास पुढे येतो. एप्रिल-मेमध्ये भांडं तापलं की चटणी फुटते, म्हणून आई तेल आधी फ्रीजमध्ये ठेवते आणि दोन-दोन मिनिटांनी मिक्सर थांबवते. पांढरी, घट्ट, चमचा उलटा केला तरी पडत नाही अशी झाली की झाली. अंडं अजिबात नाही. काकांना याऐवजी मेयोनीजची बादली आणायची होती, स्वस्त पडते म्हणून. शेजारच्या तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, तेव्हा तो विषय घरात संपला. तूमही रोजची रोज करा आणि थंड ठेवा, तेलातला लसूण बाहेर ठेवायची वस्तू नव्हे.

आता तुमचे पैसे. जुनी छोटा हत्ती, पत्र्याचं काम, भट्टी, फ्रीज, भांडी मिळून आमचं साडेचारच्या आसपास गेलं, म्हणजे पाचात बसेल, पण हातात दोन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी ऑनलाइन होते. गाडीच्या बॉडीत बदल केला की आरटीओकडून आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नोंद करून घ्यावी लागते. जागेचं महापालिकेत विचारा, 2014 च्या पथविक्रेता कायद्याखाली शहर फेरीवाला समिती असते, तिथून सुरुवात करा. भट्टी गाडीत बसवू नका. आम्ही सकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत धुरावतो आणि गरम डब्यांतून नेतो, साठ अंशांच्या खाली उतरू देत नाही.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. गाडी कुणाच्या नावावर आणि भट्टीपाशी शेवटचा शब्द कुणाचा, हे पहिला पैसा घालण्याआधी तिघांनी बसून ठरवा, जमलं तर लिहून ठेवा. दीर पैसे घालणार असतील तर त्यांचा नफ्यातला वाटा ठरवा, चवीत वाटा देऊ नका. आम्ही शेवटी काकांना गाडीची पूर्ण किंमत दिली आणि आरसी आईच्या नावावर केली. त्यांना ते लागलं, मला कळतं. पण त्या दिवसापासून भट्टीचं दार भावाशिवाय कुणी उघडत नाही, आणि रोजचं मटण एकसारखं निघतंय.

काही गोष्टी राहिल्या. आमचं गिऱ्हाईक मुख्यतः क्लासची पोरं आणि त्यांना भेटायला आलेले आई-वडील, परभणीत विद्यापीठाची पोरं असली तरी हिशोब वेगळा असेल. श्रावणात मटण जवळजवळ बंद होतं. तेव्हा निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं ताहिनी घातलेलं मुतब्बल, फलाफल आणि धुरावलेलं पनीर यांवर गाडी चालते, त्यासाठी जाळी, सुरी, पाट सगळं वेगळं ठेवा आणि गिऱ्हाइकाला दिसेल असं ठेवा. तिखटाचं म्हणाल तर हिरव्या मिरचीचा ठेचा आम्हीही ठेवतो, वेगळ्या वाटीत, मागितला तर देतो. आणि भट्टीसाठी पिंप घेताना आत पूर्वी काय भरलेलं होतं ते विचारून घ्या. केमिकलचं पिंप स्वस्त मिळतं, ते घेऊ नका. खाद्यतेलाचं घ्या आणि तेही आतून पूर्ण जाळून, घासून मगच पहिलं मटण ठेवा.