वडिलांच्या रेडमीतल्या जाहिरातींसाठी बूटलोडर अनलॉक करू नका

वडिलांच्या रेडमी नोट 10 प्रो मधल्या जाहिराती आणि कंपनीने भरलेली ॲप्स काढायचीत म्हणून बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा, कंपनीने कुलूपबंद ठेवलेला प्रोग्राम) अनलॉक करायचा म्हणताय. माझं मत विचाराल तर ज्या फोनवर रोज यूपीआय चालतं त्या फोनचं बूटलोडर उघडू नका, जाहिरातींसाठी तर नकोच, कारण त्या अनलॉक न करताच जातात.

आधी सेटिंग्जमध्ये पासवर्ड्स अँड सिक्युरिटीत जा, तिथे ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन म्हणून आहे, त्यात एमएसए (सिस्टीममध्ये जाहिराती दाखवणारं शाओमीचं ॲप) बंद करा. 10 सेकंद काउंटडाउन चालतं, मग रिव्होक दाबलं की बऱ्याचदा जमलं नाही म्हणून मेसेज येतो, तिथेच लोक सोडून देतात, पण नेट चालू ठेवून दोन-चारदा दाबलं की होतं. लॉक स्क्रीनवरचे फोटो आणि बातम्या नको असतील तर वॉलपेपर कॅरोसेलही बंद करा.

उरलेली ॲप्स एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं टूल) काढायची. अबाउट फोनमध्ये एमआययूआय (शाओमीची सिस्टीम) व्हर्जनवर सातदा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग ऑन करा, फोन कॉम्प्युटरला जोडा आणि ‘यूझर 0’ वाली, म्हणजे फक्त फोनच्या मुख्य यूझरपुरतं ॲप काढणारी, अनइन्स्टॉल कमांड द्या. मूळ ॲप सिस्टीममध्ये राहतंच, फक्त वडिलांना दिसणार नाही आणि चालणार नाही, त्यामुळे चुकून काही गेलं तर परत आणता येतं, फॅक्टरी रीसेट मारलं तरी सगळं परत येतं. पण फाइंड डिव्हाइस आणि सिक्युरिटी ही दोन ॲप्स अजिबात काढू नका, ती गेली की फोन बूटलूपमध्ये अडकतो, म्हणजे नुसता पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतो, आणि मग डेटा पुसल्याशिवाय सुटका नाही.

आता अनलॉकचं. शाओमी अकाउंट मोबाइल डेटावरून फोनला जोडायचं, मग साधारण 168 तास थांबायचं, मग विंडोजवरच्या टूलने अनलॉक, आणि त्या क्षणी फोनमधलं सगळं साफ. त्यानंतर गुगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीत (फोनच्या सिस्टीममध्ये फेरफार नाही ना, हे ॲप्सना सांगणारी) फोन नापास होतो, बँकेची ॲप्स उघडायला नकार देतात, आणि अनलॉक लपवायच्या युक्त्या आज चालतात उद्या बंद पडतात. वडिलांनी दुकानात उभं राहून पैसे देताना ॲप बंद पडलं तर तुम्ही तिथे असणार आहात का? शिवाय वाइडवाइन (व्हिडिओची कॉपी रोखणारी गुगलची सुरक्षा) एल1 वरून खालच्या एल3 पातळीवर आलं तर नेटफ्लिक्स एचडीत दिसत नाही. आणि दुकानदार पैसे घेऊन लगेच अनलॉक करून देतो म्हणाला तरी वडिलांचा फोन त्याच्या हातात देऊ नका.

अनलॉकच्या विरोधात मी नाही बरं का. कंपनीने अपडेट बंद केले की तोच फोन लिनिएज ओएसवर (अँड्रॉइडवर आधारलेली, स्वयंसेवकांनी बनवलेली मोफत सिस्टीम) अजून चांगला चालतो, आपल्या पैशाने घेतलेल्या फोनवर आपला तेवढा हक्क असायलाच हवा. पण ते स्वतःच्या जुन्या, बँकेचं काही नसलेल्या फोनवर करा, आणि कस्टम रॉम, म्हणजे लिनिएजसारखी बाहेरची सिस्टीम, असताना बूटलोडर परत लॉक कधीच करू नका, फोन ब्रिक होतो, म्हणजे चालूच होत नाही.

एमएसए बंद झालं की कुठली ॲप्स काढायचीत त्यांची नावं टाका, कुठलं काढलेलं चालेल ते सांगतो.