चष्मा काढायची घाई झालीय? आधी हे बघ

अरे भाऊ, लेसर ऑपरेशन करून चष्मा घालवायचा म्हणतोस, तर पहिले हे सांग, नंबर थांबलाय का तुझा? वय २० म्हणतोस, १८ च्या पुढे करतात, पण वर्षभर तरी नंबर हललेला नको, नाहीतर एवढे पैसे घालून परत चष्मा. माझा उणे ५ होता, इंदूरच्या राजवाड्यावर रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) बघताना गर्दीत चष्मा पडून पार चुरा झाला, त्याच दिवशी ठरवलं की बास आता. पण पहिल्या ठिकाणी दहा मिनिटात "करून टाका" म्हणाले, कॉर्नियाची (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा, नाही, जाडी मोजणं नाही, मी उठून आलो सरळ. बघ, कॉर्निया साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरासाच जाड असतो आणि लेसर त्यातलाच थोडा थर काढून टाकतं, नंबर जितका मोठा तितकं जास्त जातं, म्हणून पातळ असला किंवा केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो तो आजार) शंका आली तर चांगला डॉक्टर स्वतःच नाही म्हणतो. आणि हो, कॉन्टॅक्ट लेन्स लावत असशील तर तपासणीच्या आधी किमान एक-दोन आठवडे बंद, नाहीतर मापं चुकतात.

ऑपरेशनचं काही नाही रे, थेंब टाकून डोळा बधिर करतात, घरी येऊन झोपलो. खरा वैताग नंतर, डोळे कोरडे पडतात, मी चार महिने थेंब खिशात घेऊन फिरलो आणि रात्री एबी रोडवर हेडलाइटभोवती गोल गोल वलयं दिसायची. चाळिशीत वाचायचा चष्मा लागणारच, तो यात टळत नाही. तारीख रंगपंचमीजवळची मात्र घेऊ नकोस, डोळा चोळायचा नाही आणि इंदूरात गुलाल तुला सोडणार नाही.